गुडघ्यांची सुट्टी

बुटांच्या दुकानातला विक्रेता आठवडाभर गिऱ्हाइकांच्या पायांशी गुडघे टेकून असायचा. रविवारी तरी गुडघ्यांना आराम मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. पण सासूबाईंच्या मनात आलं आणि सगळं घर भर शहरातलं जुनं कॅथेड्रल बघायला निघालं.

आत शिरताच त्याने पहिलंच बाक गाठलं.

"अहो, इथे तरी गुडघे टेका," बायको कुजबुजली.

"आज सुट्टी आहे माझी. देवाला माहीत आहे."

"जावईबापू देवापुढेही वाकायचे नाहीत," असं खांबाला ऐकवून सासूबाई मुलांना रंगीत काचा दाखवायला पुढे गेल्या.

तेवढ्यात एक अनोळखी आजी शेजारी येऊन बसल्या, कण्हल्या आणि बुटात अवघडलेला पाय त्यांनी पुढे केला. पुढे आलेला पाय दिसला की त्याचं अंग त्याला विचारत नसे. तो खाली बसला आणि नाडी सैल करू लागला.

सासूबाईंना लांबून बाकांच्या वर फक्त त्याचं झुकलेलं डोकं दिसलं. जावई प्रार्थनेला वाकला असं वाटून त्यांनी तिथूनच हात जोडले.

"आता दर रविवारी येऊ हं, बाळा," बाहेर पडताना त्या म्हणाल्या.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण इतकी मऊ हाक लग्नानंतर प्रथमच कानी आली होती. त्याने तोंड मिटलं, आणि रविवार गेल्याचं गुडघ्यांना कळवण्याचं काम तेवढं उरलं.