देवतळेबाई आणि दोन सनीचरी

काही पुसायची आज्ञा टाइप करून झाली, की देवतळेबाई कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत आणि पडद्यावरची ओळ मोठ्यानं मराठीत वाचत. "अर्जदारांच्या टेबलातून, ज्यांचं गाव अमुक, त्या ओळी काढून टाक." मग त्याच अटीवर आधी नुसती यादी मागवायची, जाणाऱ्या ओळी एकेक करून नजरेखालून घालायच्या आणि त्यानंतरच डिलीट. मी पुण्याहून आलेला नवाकोरा पदवीधर. मला हा सोवळ्यातला स्वयंपाक वाटे आणि मी गालात हसे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे आमच्या कार्यालयात अजून सुतळीत बांधलेलेच होते. बाईंचे वडील वर्ध्याकडून रेल्वेत नोकरीला आले आणि पुरानी बस्तीत कायमचे राहिले. बाई स्वतः रेकॉर्ड विभागात केस पिकेपर्यंत फायली सांभाळत होत्या. कॉम्प्युटर आले तेव्हा कुणी चष्म्याचं कारण सांगितलं, कुणी पाठीचं. बाईंनी शंभरपानी वही आणली. वहीत गोल अक्षरात लिहिलं होतं: 'क्रिएट – नवी चौकट पाडणे. अल्टर – चौकटीत फेरबदल. ट्रंकेट – चौकट ठेवून आतलं सारं झाडणे. ड्रॉप – चौकटीसकट गाडणे.' खरं सांगतो, कॉलेजात तीन वर्षांत कुणी मला इतकं नीट सांगितलं नव्हतं. पण तेव्हा हे कबूल करायला माझं नाक आड येत होतं.

पहिलं टेबल मी केलं ते निराधार बायकांच्या घरकुलाच्या अर्जांचं. पतीचं नाव हा रकाना मी सक्तीचा केला होता. बाईंनी तो पाहिला.

"काहून रे पोट्ट्या, जिचा नवरा सोडून गेला, तिनं काय लिहाव इथं?"

"काहीतरी लिहितील," मी म्हणालो.

"काहीतरी नाही लिहाचं. रिकामं ठेवू दे तिले." आणि त्यांनी माझ्यासमोरच अल्टर करून सक्ती काढली. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बनवाले दिमाग लागते बाबा, मिटवाले एक बोट पुरते." हे त्या मला दिवसातून दोनदा ऐकवत आणि मी दोनदा मान डोलवून सोडून देत असे.

यादी सहीला जायच्या आदल्या दिवशी बाई भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला सुट्टी टाकून पंडरीच्या बाजारात गेल्या होत्या. मला वाटलं, आज करून दाखवू. टेबलात तेच नाव, तेच गाव दोन-दोनदा दिसत होतं. पतीचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा, त्यामुळे मी फक्त नाव आणि गाव ताडून पाहिलं. दुहेरी ओळी एका आज्ञेत उडवल्या. बाईंनी ठेवलेली टेबलाची जुनी प्रत जागा अडवते म्हणून तीही ड्रॉप केली. यादी सहीसाठी छापून ठेवली आणि शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आकडा पाहिला. "एकतीस बाया कुठं गेल्या?"

"डबल होत्या. काढल्या."

बाई खुर्चीत बसल्या. "अरे, शनिवारी जन्मली ते सनीचरी, बुधवारी जन्मली ते बुधवारा. एका गावात शनिवारी एकच पोरगी जन्मते काय?"

नोकरी जाईल ही भीती होतीच, पण एकतीस बायकांची घरं मी एका बोटानं घालवली, हे त्याहून वाईट होतं. बाई रागावल्या नाहीत. आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यांतून मूळ कागद शोधायचे आणि ओळी पुन्हा भरायच्या, असं त्यांनी ठरवलं. तीन दिवसांत तीस सापडल्या. एकतिसाव्या अर्जाचा कागदच मिळेना. आवक नोंदवहीत नुसतं नाव आणि उरल्याच्या कारखान्यांपलीकडचं एक गाव होतं: सनीचरी. सोमवारी यादी बंद होणार होती.

रविवारी बाई मला घेऊन बसनं निघाल्या. कारखान्यांची धूळ खात आम्ही गावात पोचलो. एक सनीचरी यादीत होतीच. दुसरी वरच्या पाऱ्यात, म्हणजे वरच्या वस्तीत, दिराच्या ओसरीवर पाल बांधून राहत होती. बाईंनी चौकशी केली तोवर आजूबाजूचे लोक गोळा झाले. बाईंनी अर्जाची पोचपावती पाहिली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता तू सांग तिले."

मी हिंदीत सांगितलं, "अम्मा, आपका नाम मैंने मिटा दिया था."

म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मोर नाव ला काबर मिटा देस, बेटा?"

माझं नाव का पुसलंस, असं ती विचारत होती. मी हात जोडले, रडू आवरलं नाही. परतीच्या बसमध्ये मी बाईंपासून दूर, मागच्या सीटवर जाऊन बसलो. एवढ्या लोकांत मला असं उभं करायची काय गरज होती, हा राग मनात होता. सोमवारी बाईंनी 'चूक आमच्या विभागाची' असं लिहून खाली स्वतःची सही केली. साहेबांनी बाईंना भरपूर झाडलं आणि नाव यादीत घेतलं. सनीचरीला घर मिळालं. माझा राग मात्र बरीच वर्षं गेला नाही. बाईंनी मला शिक्षा केली, असंच मी धरून चाललो होतो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा समोसे, शाल, भाषणं सगळं झालं. लोकांनी आग्रह केला, "दीदी, दो शब्द." बाई उठल्या आणि हिंदी सोडून थेट मराठीत बोलल्या. निम्म्या सभेला ते कळलं नसेल.

"चुका तं सगळेच करतात. मी रेकॉर्डमध्ये होती तवा एका विधवेची फाईल माझ्या हातून हरवली. मी कोणाले नाही सांगितलं. ते बाई चकरा मारून मारून मेली. या पोट्ट्यानं सनीचरीच्या दारात जाऊन आपली चूक सांगितली. मले नाही जमलं ते यानं केलं."

एवढं बोलून बाई खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.