भिवराबाईने टीव्ही पारखला

टीव्ही भिवराबाईसाठी घ्यायचा ठरला आणि भिवराबाईचं डोकं फिरलं.

घरात टीव्ही येणार म्हटल्यावर एखादीने गूळखोबरं वाटलं असतं. पण हा टीव्ही म्हणजे हातातली काठी काढून घेऊन हातात दिलेला खुळखुळा होता. जी बाई चाळीस वर्षं देवगाव फाट्याजवळच्या माळावर मेंढरांमागे फिरली, तिने आता घरात बसून टीव्ही बघावा आणि तिची बासष्ट मेंढरं पाडव्यापासून भावकीतल्या सटवाजीने अर्धेलीवर सांभाळावीत, होतील त्या कोकरांत निम्मी त्याची, असा निकाल तिच्या लेकाने, मल्हारने, दिला होता. मल्हारचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. माणूस सरळ. पण दिवसभर ट्यूबा तपासून त्याची नजर अशी झाली होती, की त्याला आईचीही कुठूनतरी हवा जातेय असं वाटायचं.

"माय, लय राबलीस. आता निवांत बस अन् टीव्ही बघ."

"डोळ्याचं आपरेशन मला दिसावं म्हणून केलंस, का बसवावं म्हणून?"

मल्हारने दुकानाची किल्ली उचलली. याचं उत्तर सटवाजीकडे होतं, आणि ते त्याने अख्ख्या गावाला देऊन ठेवलं होतं.

झालं होतं असं. संक्रांतीच्या आधी भिवराबाईच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू चांगला पिकला होता. एका संध्याकाळी तळ्यावर तिचा आणि सटवाजीचा कळप एकत्र झाला आणि भिवराबाई सटवाजीच्या दोन मेंढ्या आपल्यात हाकून घरी आली. दिवेलागणीला सटवाजी दारात हजर. "वहिनी, नजर गेली तुमची! आज माझी मेंढरं नेली, उद्या मला न्याल!" गाव हसलं. त्याच संध्याकाळी भिवराबाईची काजळी नावाची मेंढी नाहीशी झाली. लांडग्याने नेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काजळीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. दोन दिवस भिवराबाईच्या घशाखाली भाकर उतरली नाही.

पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. बाकीचे सगळे आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करत. सटवाजीचा निळा. भिवराबाईने जन्मात रंग लावला नाही. "ज्याला आपली लेकरं वळखू येत न्हाईत त्यानं रंगवावी," असं ती सटवाजीला तोंडावर सांगायची. रोज संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभी राहून ती एकेका मेंढराची नावाने हजेरी घ्यायची. काळ्या कळपातल्या काळ्या मेंढ्या. परक्याला सगळ्या सारख्या. तिच्या लेखी त्यांच्यात सात तऱ्हेचा काळा होता: काजळाचा, तव्याचा, जांभळाचा, भिजल्या मातीचा आणि आणखी काय काय. अशा बाईची नजर गेली म्हणणं म्हणजे पहिलवानाला कुणी उचलून बाजूला ठेवण्यासारखं होतं.

संक्रांतीनंतर परभणीला ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा समोर स्वेटर घातलेले डॉक्टर उभे होते. भिवराबाईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "ही लोकर आपल्याकडची न्हाई." डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झकास झालं.

गावाने मात्र ते मान्य केलं नाही. डॉक्टरने सांगितलेली महिनाभराची विश्रांती मल्हारने दोन महिन्यांवर नेली, आणि आता तो ती जन्मभराची करायला निघाला होता. मेंढरांमागे सून शिवकन्या जायची. सासूची तगमग बघून ती रोज तळ्यावर फोनमध्ये कळपाचा व्हिडिओ काढून आणायची. भिवराबाई फोन जवळ धरायची, लांब धरायची आणि वैतागायची. "ह्यात काय दिसायलंय? नुसत्या मुंग्या! तोंडं कुठं हायत?"

शिमगा झाल्यावर टीव्ही आणायला निघायच्या दिवशी शिवकन्येने गुपचूप आपला फोन तिच्या पिशवीत सरकवला. "आत्याबाई, कालचा व्हिडिओ हाय यात. दुकानात मोठ्या पडद्यावर लावायला सांगा. तोंडं दिसतील."

सोबत सटवाजीही होता. वस्तीवरचा पहिला रंगीत टीव्ही त्याचा, त्यामुळे टीव्हीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई हळदीच्या मांडवातून तडक आल्यासारखी पिवळी दिसायची आणि सटवाजी म्हणायचा, "रंग बघा, रंग! पैसा वसूल!"

परभणीच्या त्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. दाखवायला नीलम नावाची मुलगी होती. ती एका दमात इतकं बोलली, की मल्हारने मान हलवायची सोडून दिली. सटवाजी मात्र थेट मधल्या मोठ्या टीव्हीपुढे गेला. त्यावरचा मासा नवरदेवासारखा चमकत होता.

"मल्हार, हाच! लाल बघ कसा लालभडक हाय."

"खरा मासा असा असतो का वो भाऊजी?" भिवराबाईने विचारलं.

"टीव्हीत असतो."

भिवराबाईने पिशवीतून फोन काढून नीलमपुढे धरला. "पोरी, मासे मला कळत न्हाईत. माझी मेंढरं लाव."

नीलमने चार वर्षांत फुलं, डोंगर, क्रिकेट, लग्नाचे व्हिडिओ, सगळं लावलं होतं. मेंढरं पहिल्यांदाच. पण मुलगी गुणाची. तिने फोन जोडला आणि मधल्या टीव्हीवर देवगाव फाट्याचं तळं अवतरलं. दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं वॉशिंग मशीन सोडून इकडे आली.

सटवाजी हरखला. "वा! काय हिरवंगार दिसायलंय!"

"कामून हिरवं?" भिवराबाई गरजली. "शिमगा झालाय भाऊजी! माळावर गवताची काडी वाळून कुडकुडीत झालीय. असलं हिरवं गवत असतं तर मेंढरं खाऊन फुगून मेली असती. हा टीव्ही खोटं बोलतो."

नीलम हसली आणि हळूच म्हणाली, "आजी, दुकानात मुद्दाम रंग वाढवून ठेवतो आम्ही. लोकांना तसंच आवडतं."

"मग लोकांच्या घरी दे हा."

दुसरा टीव्ही. गवत बरं होतं, पण भिवराबाई पडद्याला नाक लावून मागे सरली. "इथं एकच मेंढी हाय, बैलगाडीएवढी." खरंच, काळा कळप एकमेकांत मिसळून डांबराचा ढीग झाला होता. "माझ्या बासष्ट लेकरांचा ह्यानं गोळा केलाय." तिसऱ्यावर मेंढरू पळालं, की त्याची शेपटी मागून सावकाश येत होती. "हिला सोडून आली का काय शेपटी?" चौथ्यावर सगळ्यांची तोंडं निळसर. "थंडी वाजायलीय बिचाऱ्यांना."

आता गिऱ्हाइकं सहा झाली होती. सटवाजी घाम पुसत म्हणाला, "मल्हार, मायला घरी न्यायचं बघ. दिसत तर काही न्हाई, नावं मात्र ठेवायल्यात सगळ्याला."

मल्हारने खाली पाहिलं. भिवराबाईला ते पाहणं सटवाजीच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. कारण हा पंक्चरवाला लेक आत्ता, या दुकानात, मनातल्या मनात पाडव्याचा निकाल कायम करत होता, हे तिला लख्ख दिसलं.

"तो कोपऱ्यातला लाव," ती नीलमला म्हणाली.

"आजी, तो कुणी घेत नाही. फिका दिसतो म्हणतात."

"लाव तर."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर तळं आलं आणि भिवराबाई दोन पावलं पुढे सरली. गवत वाळकं होतं, धूळ धुळीच्या रंगाची होती आणि पाणी, मार्चमध्ये असतं तसं, थोडं लाजिरवाणं होतं. आणि काळ्यात काळं सुटं झालं होतं. लोकरीची गुंतवळ दिसत होती. भिवराबाईची काठी वर झाली आणि हजेरी सुरू झाली.

"ही टिकली. ही लांबकानी. तिच्यामागं तव्याच्या रंगाची ती भागी, गाभण हाय, डावीकडं झुकून चालायली. ही चंद्री, हिला शिंकायची खोड..." पडद्यावर चंद्री शिंकली. दुकानात टाळी पडली. मल्हारने मान वर केली.

तेवढ्यात व्हिडिओत पलीकडच्या काठाने सटवाजीचा कळप पाण्यावर उतरला. निळ्या पाठींची रांग. भिवराबाईची काठी हवेतच थांबली.

"पोरी, थांबव! तिथंच!"

चित्र थांबलं. भिवराबाई पडद्याजवळ गेली. काठीचं टोक एका काळ्या मेंढीच्या तोंडाशी टेकलं. "डाव्या डोळ्याखाली बघा. तांबूस ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. दिसला का?"

मल्हार वाकला. "दिसला."

"ही काजळी हाय. माझी काजळी."

सटवाजी उसळला. "काय बोलायलाव वहिनी! तिच्या पाठीवर माझा रंग हाय. मी माझ्या हातानं लावलाय!"

"रंग तुमचा, भाऊजी. मेंढी माझी. त्या दिवशी तळ्यावर मी तुमच्या दोन नेल्या अन् तुमी माझी एक नेली. मला मोतीबिंदू होता. तुमाला काय झालं होतं?"

सटवाजी माणूस लबाड नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी, की वर्षभर त्याची मोजणी रोज वेगळी यायची, कधी एक्क्याऐंशी, कधी चौऱ्याऐंशी, आणि तो मधला आकडा धरून झोपायचा. तो टीव्हीपुढे गेला, डोळे बारीक केले, पापण्या चोळल्या.

"कुठं हाय ठिपका?"

"काठीच्या टोकाला."

"काठी कुठं हाय?"

दुकान हसून लोळायला लागलं. सटवाजी स्वतःही हसला, पण जरा उशिरा आणि भलत्याच दिशेला बघून. सटवाजीला रंग भडक का लागतात, हे कोडं परभणीच्या भर बाजारात सुटलं होतं.

"माय," मल्हार म्हणाला, "हाच टीव्ही बांधायला सांगू ना?"

"हाच. खरं बोलणारं एक तरी घरात पाह्यजे."

परतताना जीपमध्ये टीव्ही मल्हारच्या मांडीवर होता आणि भिवराबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी. संध्याकाळी ती घरी न जाता थेट सटवाजीच्या वाड्यावर गेली. निम्मं गाव मागे. कुडाबाहेर उभी राहून तिने एकच हाक घातली, "काजळेऽऽ!"

एक्क्याऐंशी निळ्या पाठींत खळबळ झाली. एक काळं डोकं इतरांना ढुशा देत, कुणाच्या अंगावरून, कुणाच्या पोटाखालून वाट काढत पुढे आलं, कुडातून नाक बाहेर काढलं आणि भिवराबाईचा पदर चघळायला लागलं. पदर तिने चघळू दिला. डोळ्याला पाणी लावू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. तेवढं एक पथ्य त्या दिवशी मोडलं.

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंबाचा पाला चावून भिवराबाई खांद्यावर घोंगडी टाकून माळावर निघाली. पुढे तिची त्रेसष्ट, त्यात पाठीवर उरलेला निळा रंग मिरवणारी काजळी. मागे सटवाजीची ऐंशी. कारण सटवाजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच आठवड्यात झालं होतं आणि महिनाभर त्याच्या कळपाला वाली नव्हता. मल्हारने अर्धेलीचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली होती, "भावकीत कसली अर्धेली? सांभाळते फुकट. पण त्यांना सांग, रंग मी लावणार न्हाई."

घरात कोपऱ्यातून आलेला तो फिका टीव्ही सुरू होता. समोर काळा चष्मा लावून सटवाजी मांडी घालून बसला होता आणि शिवकन्येला सांगत होता, "पोरी, खरंच की गं! ही बातम्यावाली बाई पिवळी न्हाईच."