टेक्सासच्या चिलीतलं मीठ

सुक्या मिरच्या आणि जिरं एकत्र भाजल्याचा वास आला की मला आखातात, मनामाच्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटमधला तो शुक्रवार आठवतो. नवऱ्याचा बॉस टेक्सासचा, आणि नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल त्याच्या हातात, म्हणून त्याला त्याच्या गावची चिली, म्हणजे मिरचीत शिजवलेलं बीफ, खाऊ घालायचं ठरलं. आमच्या घरात बीफ कधीच शिजलं नव्हतं. "तू खाऊ नकोस, फक्त बनव. मीठ मी येऊन चाखतो," नवरा म्हणाला. मी मनामाच्या सूकमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, त्यासाठी वेगळं पातेलं आणलं, मिरच्या भिजवून वाटल्या, श्वास रोखून मांसाचे तुकडे परतले. टेक्सासच्या चिलीत राजमा नाही, टोमॅटो नाही. तीन तास ते रटरटत होतं आणि मी ठसकत, डोळे पुसत ढवळत होते. नवरा आला तो बॉसला घेऊनच, आणि स्वयंपाकघरात फिरकलाही नाही. मी अंदाजाने घातलेलं मीठ जास्त झालं होतं. पहिल्याच घासाला नवरा हसला आणि बॉसला इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, माझ्या बायकोला साधं चाखून बघायचंही सुचत नाही." बॉस बिचारा पाणी पीत पीत सगळं संपवून गेला. रिन्यूअल झालं. पातेलं मी त्या शुक्रवारीच कचऱ्यात टाकलं होतं. तेव्हापासून नवऱ्यासाठी केलेलं काहीच मी आधी चाखत नाही, आणि आमटी खारट झालीय म्हणाला की एवढंच विचारते, "तू येऊन चाखणार होतास ना?"