नळातला वारा

लढाईच्या दिवसांत आम्ही साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो. चाळीला नळ एकच. त्या उन्हाळ्यात पाटाचं पाणी कमी झालं, म्हणून कारखान्याने नळाच्या पाइपावर मीटर बसवला. पितळी डबा, वर काच, आत काटा. रोजचं पाणी ठरवून दिलेलं. काटा ठरल्या आकड्यावर आला, की चावीवाले बाबा पाणी बंद करत. "मी काय करू पोरींनो? काटाच म्हनतो, पुरं."

आमची खोली शेवटची आणि बारीतही मी शेवटची. पुढं घुसणं मला कधी जमलं नाही. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना रोज धुवून कोरडं करावं लागे. मीटर बसल्यापासून माझ्यापर्यंत पाणी पोचेना. शेजारणी तांब्याभर देत, पण तेवढ्यानं काय होणार? एक दिवस आत्याबाईंच्या पाठीवर कातडी लाल झालेली दिसली. तेव्हा मी ठरवलं, पाणी मिळवायचंच.

बायकांनी आरडाओरडा केला म्हणून मीटर तपासायला नेला. पंपघरात मिस्त्रीकाकांकडे त्यासाठी एक लोखंडी टाकी होती. बाजूला उभी काचेची नळी, तिच्यामागं आकडे कोरलेली पट्टी. मीटरमधून पाणी टाकीत सोडायचं आणि मीटर किती म्हणतो, काच किती म्हणते, ते ताडून पाहायचं. आम्ही दारातून बघत होतो. दोन्ही आकडे सारखे आले.

"मीटर खरा हाय," मिस्त्रीकाका म्हणाले.

"मग आमचं पानी पेलं कुनी?" शेजारीण म्हणाली.

"तुमच्या भांडनानं आटलं आसंल," पंपावरचा गडी हसला.

मीटर परत जागेवर बसला आणि माझा हंडा पुन्हा कोरडा.

चाळीची एक सवय होती. रात्री पंप बंद झाला तरी नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पत्र्याचा डबा पालथा घालायचा. पहाटे पाणी डब्यावर वाजलं की सगळ्यांना कळायचं. पाण्याआधी नळ बराच वेळ फुसफुसायचा. "उठला गं म्हातारा, खोकाय लागला," असं म्हणून बायका हसायच्या. मी एका अंगाला, मीटरपाशी, मान खाली घालून उभी असायची. एका पहाटे दिसलं, की नळ नुसता फुसफुसतोय आणि काटा पळतोय. दुसऱ्या दिवशी नळाखाली हात धरला. हात कोरडा आणि काटा पुढं!

घरी ह्यांना सांगितलं. हे बॉयलरवर कामाला. म्हणाले, "तू बघितलंस, तूच सांग. मी सांगितलं तर लोक म्हनतील, बायकोच्या तोंडानं बोलतो."

मला राग आला. पण दुपारी ह्यांची भाकरी पोचवली आणि तशीच पंपघराकडे गेले. दारातून एकदा माघारी फिरले. मग ती लाल पाठ डोळ्यांपुढं आली. पदर घट्ट धरून आत शिरले.

"काका, ती टाकी आमच्या नळाखाली लावा."

"आगं, मीटर खरा निघाला न्हवं?"

"हितं पाइप भरलेला असतो. आमच्याकडं पहाटे आधी वारा येतो. वाऱ्यानं पण काटा फिरतो."

माझा आवाज इतका बारीक, की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. काकांनी पेटवायला काढलेली विडी कानावर ठेवली. "रातीला पाइप रिकामा व्हत आसंल," ते हळूच म्हणाले. "ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बैलगाडीतून टाकी चाळीत आली. काकांनी ती नळाला जोडली. तिकडं पंप सुरू झाला, फुसफुस सुरू झाली आणि काटा पळाला. काचेच्या नळीत थेंब नव्हता. चावीवाले बाबा कंदील धरून वाकले होते.

"आरं तिच्या! मी वारा मोजून पानी बंद करत हुतो व्हय!"

"आन् आमी वारा पेत हुतो," शेजारीण म्हणाली.

काकांनी मीटरच्या आधी, पंपाकडच्या बाजूला, पाइपावर एक बारकी चावी बसवली. नळ बंद ठेवायचा, पहाटे ती चावी उघडून वारा सोडायचा आणि पाणी उडालं की ती बंद करायची. रोज हे कुणी करायचं? "जिनं वारा धरला, तिनंच," बाबा म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही. म्हणायचंही नव्हतं.

पहिल्या पहाटे मी चावी फिरवली. आधी सूं करून वारा गेला, मग पाणी अंगावर उडालं. चावी बंद करून सवयीनं बारीच्या मागं चालले, तर शेजारणीनं माझा हंडा हिसकून नळाखाली ठेवला.

"चावी तुझी आन् हंडा मागं? भर हितं!"

मी भरला. माझ्यामागं सगळ्यांचे भरले, तरी काटा आकड्यावर आला नव्हता.

त्या दिवशी आत्याबाईंना कुशीवर वळवून पुरती आंघोळ घातली.

"लई गार हाय गं पानी," त्या कुरकुरल्या.

मी आणखी एक तांब्या ओतला.