डॉक्टरांच्या पुस्तकातला एक शब्द

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरांना नाही, देवालाही नाही. तुम्हाला सांगतो — बसा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं दारापुढे बसून अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा सोलत होतो. पार्वती, माझी बायको, दहा सोलायची तेव्हा माझी एक व्हायची. दुसऱ्या दिवशी पणजीहून कॉलेजची एक मुलगी येणार होती, एका फुलाची चौकशी करायला. पार्वती वर न बघता म्हणाली, "फाल्यां तिका तरी खरें सांगात." उद्या तिला तरी खरं सांगा, एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कसलं खरं? येतो तिथे — जरा दमानं.

गोवा राज्य झालं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मुळगावला आमच्याकडे एक डॉक्टर आले. झाडांचे डॉक्टर. पार्वतीने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे आपला दुखरा गुडघा केला, तर ते हसून म्हणाले, "बाई, मला फक्त पानं कळतात." मी त्यांना सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर न्यायचो. मी चौथी शिकलेला — पण असं काम कधी पाहिलं नव्हतं. एवढा मोठा माणूस भर पावसात खडकावर पालथा पडायचा, डोळ्याला भिंग लावून, नखाएवढ्या फुलापुढे. श्वास धरून. देवापुढे तरी आपण असे पडतो का? आणलेली रोपं ते जुन्या पेपरांत दाबून ठेवायचे. राजभाषा मराठी की कोंकणी, याच भांडणाने तेव्हा पेपर भरलेले, आणि त्या भांडणाच्या मधोमध रोपं मुकाट वाळायची. ओले कागद बदलायची, चुलीपाशी शेकवायची पार्वती.

ते काळपट निळं फूलही तिनेच आणलं. गवत कापायला गेली होती, पदरात बांधून घेऊन आली. त्या वाटेने मी रोज जायचो — मला कधी दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी हातात घेतलं, भिंगाखाली उलटसुलट करून बघितलं. मग विचारलं, याला गावात काय म्हणतात?

पार्वती म्हणाली, "बोडकेचें काजळ."

बोडकी म्हणजे केस काढलेली विधवा. तिला काजळाची बंदी, म्हणून देवाने तिच्यासाठी हे फूल केलं, असं बायका म्हणायच्या. पार्वतीची आत्या तशीच होती. तिचं बोट धरून पार्वती हे फूल ओळखायला शिकली.

आणि मला लाज वाटली. एवढ्या विद्वानाच्या वहीत बोडकी? त्या दिवसांत मी शुद्ध मराठीच्या बाजूने तावातावाने बोलत फिरायचो. मी म्हटलं, "तू गप. तुला काय कळतंय?" आणि डॉक्टरांना सांगितलं — नीलांजना. जत्रेच्या नाटकात मी दासी झालो होतो, त्यातल्या राजकन्येचं नाव. तोंडात आलं, दिलं. त्यांनी लिहून घेतलं. खाली माझं नाव लिहिलं, माहिती देणारा म्हणून. पार्वती कागद शेकवायला आत गेली.

पुस्तक झालं. मग तो शब्द चालतच राहिला. डॉक्टरांवरून दुसऱ्याने घेतला, दुसऱ्यावरून तिसऱ्याने, थेट परदेशापर्यंत. एकाने तर हळहळून लिहिलं होतं, की हे जुनं नाव आता गावकऱ्यांच्या तोंडी उरलेलं नाही. उरेल कसं? होतं कधी? डॉक्टरांनी त्या पाकळीवरची लवसुद्धा मोजली होती. लोक डोळे मिटून विसंबतात, आणि विसंबावं असंच ते काम. त्यात एक शब्द खोटा — तो माझा. डॉक्टर पुढे दोनदा घरी आले. दोन्ही वेळा मी हवापाण्याचं बोललो.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली. हातात डॉक्टरांचं पुस्तक, पानं हाताळून मऊ झालेली. आमच्या सरांचे सर ते, म्हणाली. आणि वाकून मला नमस्कार केला — पुस्तकात नाव असलेला माणूस म्हणून. पार्वती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. दुपारी ती जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. पण सकाळी उभी होती, आणि माझ्याकडे बघत होती.

मुलीने विचारलं, "आजोबा, नाव हेच ना नक्की?"

हेच, मी म्हटलं. तिने पेन काढलं. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं — नी, लां, ज, ना.