व्यत्यय

मुंडा भाषा म्हटले की लोकांना झारखंड आठवते. त्याच कुळातली कोरकू आपल्या मेळघाटात बोलली जाते, हे दादरमध्ये राहून मला अजूनही सांगावे लागते. तिच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षे गेली.

मध्यंतरी त्या काळातल्या ध्वनिफिती गिरगावातल्या एका टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्याकडे दिल्या. त्या संगणकावर उतरवायच्या होत्या. सूचना स्पष्ट दिली: शब्द तेवढे ठेवा, मधला गोंधळ काढा. आमची पद्धतच तशी होती. मी मराठी शब्द उच्चारायचा, समोरच्याने तो कोरकूत तीनदा म्हणायचा. बाकी सारे टिपणात 'व्यत्यय'.

त्याच आठवड्यात माझ्या पायाची पट्टी बदलायला परळहून परिचारिका येऊ लागली. मेळघाटातली निघाली, गावही तेच, जिथे मी राहिलो होतो. पाटलाच्या घरामागे राहणाऱ्या, चुलीशी बसून शब्द सांगणाऱ्या बाईविषयी आणि तिच्या आवाजाच्या फितींविषयी मी बोललो. परिचारिकेने पट्टी अर्धीच सोडून वर पाहिले.

"ती माझी आजी. आई रांगत होती तेव्हाच गेली. फोटोसुद्धा नाही. आजोबा, आईला तिचा आवाज आठवत नाही. त्यात आई पण असेल का हो?"

होती. मूल चुलीकडे सरकले की बाई शब्द अर्धा टाकून ओरडायची. तोच व्यत्यय.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. केलेला चहा तसाच ठेवून टॅक्सी पकडली. ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला चालकावर उगाच खेकसलो.

"काका, धापा कसल्या टाकताय? टेप काय पळून जाणार होती?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"मधले ओरडणे काढलेत?"

"काढलं की. पहिली टेप उतरवून झाल्यावर तुटली, आता वाजायची नाही."

मी स्टुलावर बसलो.

"अहो, कापलेलं वेगळं ठेवलंय. गिऱ्हाईक आज नको म्हणतं, उद्या रडत येतं."

"मी रडत नाही."

"बरं, घाम पुसा मग."

त्याने हेडफोन दिला. माझा तरुण आवाज: "कान." बाईचा: "लुतुर, लुतुर..." मग ओरडणे, भांडे आदळणे, मुलाचे रडणे. त्यानंतर बाई बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. ते बोलणे मी कधीच लिहून घेतले नव्हते.

दोन्ही भाग परिचारिकेला पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, शब्द आईला येतातच. ती ओरडा खाल्लेला भागच परत परत लावतेय. असं अजून आहे का?"

बाकीच्या फिती गिरगावातच आहेत. काहीही कापू नका, असे फोनवर बजावले आहे. तरी उद्या दुकान उघडायच्या आत तिथे असेन.