शनीला टचिंग नाही

मी जुळवलेल्या शनीच्या पहिल्या फोटोत त्याच्या शेजारी तीन चंद्र एका ओळीत दिसत होते. एक लाल, एक हिरवा, एक निळा. मला वाटलं, आपल्या हाती काहीतरी मोठं लागलं. मुलगी तेव्हा नववीत होती. तिनं स्टूल ओढून घेतलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, नवरदेव चालत असताना तुम्ही लागोपाठ तीन फोटो काढले, तर तीन नवरदेव होतात का?"

तिचं बरोबर होतं. शनीभोवती फिरलेल्या एका यानाच्या कॅमेऱ्याला रंग कळतच नव्हता. तो एक फोटो लाल काचेतून काढायचा, एक हिरव्या, एक निळ्या, आणि तिन्ही करडेच खाली पाठवायचा. तिन्ही एकावर एक नीट बसवले की रंग उगवतो. तेवढ्या वेळात ग्रह आणि त्याची कडी जवळपास जागेवर असतात, चंद्र मात्र पुढे सरकलेला असतो. एकच चंद्र तीन ठिकाणी सापडतो. मग त्याला वेगळं धरून जुळवावं लागतं.

यान त्या ग्रहातच जळून गेलं, त्याला आता काही वर्षं झाली. पण त्यानं पाठवलेले कच्चे फोटो कुणालाही मिळतात. माझा फोटो स्टुडिओ हर्सूलच्या रस्त्याला आहे. लग्नं, पासपोर्ट फोटो, बारसं, निरोपसमारंभ. कॉम्प्युटर होता, फोटो जुळवायचं सॉफ्टवेअर होतं, आणि लग्नसराई नसली की रविवारची सकाळ मोकळी होती. शटर अर्धं वर करून आम्ही बापलेक आत बसायचो. रंग उगवायचा तो क्षण मला अजूनही पुरा अंगवळणी पडलेला नाही. करड्या राखेसारखी तीन चित्रं असतात, तिसरं जागेवर बसतं, आणि एकदम सायीच्या रंगाचा, फिक्या पिवळ्या पट्ट्यांचा तो गोळा कड्यांसकट समोर येतो. मुलगी दर वेळी टाळी वाजवायची. मीही वाजवायचो, पण आधी रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना ते बघून.

बायको चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "लोक शनी टळावा म्हणून तेल वाहतात. आमच्याकडे मात्र तो खुर्ची मांडून बसलेला."

माझ्या पोटापाण्याच्या कामाबद्दल इथं सांगायला हवं. आमच्या धंद्यात टचिंग नावाचा प्रकार असतो. घाम पुसायचा, विस्कटलेली बट बसवायची, डोळ्यांखालचं काळं काढायचं. आणि रंग. नवरीची आई अल्बमची पानं निवडते आणि उठता उठता म्हणते, "जरा उजळ करा, बरं का." काही जणी बोलतही नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघतात. "जशी आहे तशीच राहू द्या" असं म्हणणारी आई मला इतक्या वर्षांत भेटली नाही. मीही कधी विचारलं नाही की का. माउस एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवायचा, की पोरगी गोरी. एखादी नवरी अल्बम घ्यायला येते, स्वतःचा फोटो बघते आणि थोडा वेळ गप्प बसते. ते गप्प बसणं मी पाहिलेलं आहे, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलेलं आहे.

म्हणूनच मी ठरवलं होतं, शनीला टचिंग नाही. कॅमेऱ्यावर पडलेला डाग, वाटेत आलेला ठिपका काढायचा, कारण तो ग्रहाचा नाही, पाहुणा आहे. बाकी जे आहे ते आहे. एकदा शनीचा वरचा भाग निळा आला. मला वाटलं, जुळवण्यात चुकलो. इतका लोण्यासारखा ग्रह, त्याला वर निळी टोपी कशी? मी ती पिवळी करायला निघालो, तर मुलीनं माझं मनगट धरलं. तिनं शोधून वाचलं. यान तिथं पोचलं तेव्हा त्या भागात हिवाळा होता, आणि आकाश तिथं खरंच निळं पडलं होतं. "बघा," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता शनीचा हिवाळा पुसणार होतात." आम्ही दोघं इतके हसलो की पासपोर्ट फोटोला आलेला माणूस बाहेरच उभा राहिला.

ती मोठी झाली, शिकली, इथल्याच एका बियाण्यांच्या कंपनीत लागली. रविवारचं बसणं मात्र चालू राहिलं. मग घरात बायोडेटाची बोलणी सुरू झाली. तिची ना नव्हती. "फोटो तुम्हीच काढा," ती म्हणाली, "आणि पाठवा कुठं पाठवायचा तिथं." मी स्टुडिओत काढला. चांगला आला. ती माझ्या आईवर गेली आहे, सावळी, रुंद कपाळाची, हसली की एकाच गालावर खळी. फोटोत खळी होती.

आणि मी तो उजळ केला.

बायकोला मी सांगितलं की सवयीनं हात गेला. ते खोटं होतं. मला चांगलं माहीत होतं मी काय करतोय ते. दार लोटून घेतलं होतं. फार नाही, थोडासाच, असं मनाशी म्हणत दोनदा केलं. मग फुलंब्रीच्या मेव्हण्याला पाठवून दिला. स्थळं बघण्याचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. त्याचा लगेच फोन आला, "दाजी, फोटो लई झकास! वैजापूरला देतो, कांद्याचे व्यापारी हायेत, पोरगं बँकेत हाय." चार दिवसांत तिकडून मुलाचा फोटोही आला आणि निरोपही. मुलगी पसंत आहे, पुढच्या रविवारी बघायला येतो.

त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं आयापिटस जुळवत बसलो होतो. शनीचा हा चंद्र विचित्र आहे. अर्धा बर्फासारखा पांढरा आणि अर्धा डांबरासारखा काळा. काळ्या भागात काहीच नीट दिसेना, म्हणून मी तो भाग जरा उजळायला घेतला. नुसतं बघण्यासाठी, खरंच.

"बाबा, हात काढा माउसवरून."

"अगं, बघतोय फक्त."

"ह्याला पण वैजापूरला पाठवायचंय का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडेच बघत होती. हसतही होती, पण हनुवटी हलत होती.

"मामानं फोटो आमच्या ग्रुपवर टाकला," ती म्हणाली. "आत्या म्हणाल्या, किती छान दिसतेय. मावशी म्हणाली, ओळखूच आली नाही. मी वाट बघत होते, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून."

"मी तुझ्या भल्यासाठी—" असं मी सुरू केलं, आणि ते वाक्य मला माझ्याच दुकानात दुसऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं वाटलं की पुढे बोलवेना.

"शनीचा निळा रंग जुळवायला तुम्ही अख्खी सकाळ घालवता," ती म्हणाली. "मला रंग लावायला किती वेळ लागला?"

मी म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "मला नका सांगू. ते लोक कुणाला तरी बघायला येतायत, आणि ती मी नाही. त्यांना सांगा." आणि वर घरी निघून गेली. आयापिटस तसाच अर्धवट राहिला.

बायको घाबरली. "इतकं चांगलं स्थळ आहे हो. येऊ द्या, बघू द्या, मग काय ते." तिचं भय मला कळत होतं, कारण ते माझंच होतं. पण मुलगी त्या दिवशी मला "जेवायला या" एवढंसुद्धा म्हणाली नाही, तिनं नुसतं ताट मांडलं. स्थळ हातचं जाईल याची भीती होतीच. पण यापुढे कुठल्याच रविवारी ती स्टूल ओढून माझ्याशेजारी बसणार नाही, याची जास्त वाटली. सोमवारी सकाळी मी वैजापूरला फोन लावला.

मुलाचे वडील बाजार समितीत होते. मागून कांद्याच्या लिलावाचा गलका येत होता.

"बोला पाव्हणं! रविवारचं पक्कं ना?"

"पक्कं आहे. पण एक सांगायचंय. मुलीचा फोटो मीच काढलाय. त्यात तिला मी उजळ केलंय. ती सावळी आहे. खरा फोटो आत्ता पाठवतो. तो बघा, आणि मग यायचं की नाही ते ठरवा."

लिलाव चालू राहिला. कुणीतरी भाव ओरडत होतं. "थांबा, बाजूला येतो," ते म्हणाले. मग गलका कमी झाला.

"पाव्हणं, तुमचा धंदाच फोटोचा, व्हय ना?"

"हो."

"मग आमच्या पोराचा फोटो नीट बघितला असंल तुम्ही."

"बघितला."

"आन् केस?"

आता माझी पंचाईत झाली. मुलाचा फोटो आला त्याच दिवशी मला दिसलं होतं. कपाळावरचे केस दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरचे होते, आणि उजेड उलट्या बाजूनं पडलेला होता. काम कच्चं होतं.

"जोडलेले दिसले," मी म्हणालो.

"मग बोलला नाय ते?"

"कुठल्या तोंडानं बोलणार?"

पलीकडून असं हसू फुटलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ते कुणालातरी ओरडून सांगत होते, "आरं, त्यान्ला पहिल्या दिवशीच कळलं!" मग मला म्हणाले, "पोरगं नको नको म्हणत व्हतं. आमच्या मंडळींनी ऐकलं नाय. पाठवा तुमचा फोटो. आन् रविवारी येतोच आम्ही. दोघं जसे हायेत तसे बसतील समोरासमोर."

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती लाटणं हातात धरून ऐकत होती. केसांपाशी आलो तेव्हा तिनं ओट्याला टेकून पोट धरलं.

"कुठला फोटो पाठवला मग?"

"कच्चा. काहीही हात न लावता."

"म्हणजे हनुवटीवरच्या पुटकुळीसकट?"

"सकट."

"अहो बाबा! पाहुणा डाग काढायचा असतो, हा आपलाच नियम आहे ना? ती पुटकुळी माझी नव्हती, आठ दिवसांची पाहुणी होती!"

हा मार मला आवडला. ती माझ्याशी भांडत होती, म्हणजे बोलत होती.

रविवारी पाहुणे आले. मुलगा टोपीबिपी न घालता आला होता, समोरून पार टक्कल. पोहे झाल्यावर मुलाच्या आईनंच विचारलं, "तुम्ही ते ग्रहाचे फोटो बनवता म्हणं?" मेव्हण्यानं सांगितलं असणार. स्टुडिओ खालीच आहे. सगळी वरात खाली आली, शटर पूर्ण वर झालं. मुलगी एकेक चंद्र दाखवत होती. टायटन, धुक्यात गुरफटलेला केशरी गोळा. मग एन्सेलाडस, चकचकीत, पांढराशुभ्र, गुळगुळीत.

मुलानं पुढं वाकून बघितलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हा तर आमच्या घराण्यातला दिसतोय."

मुलगी मोठ्यानं हसली. गालावर खळी पडली. कांद्याचे व्यापारी माझ्याकडे बघून मान हलवू लागले, आणि मीही हलवली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

लग्नाआधी ती म्हणाली, "अल्बम दुसऱ्याकडून करून घेऊ, तुम्ही नुसतं फिरा. पण एक फोटो तुम्ही काढा. यानासारखा." मी कुठून कुठून शोधून लाल, हिरवी, निळी काच आणली. सप्तपदीच्या वेळी कॅमेरा कृष्णधवलवर ठेवून तिपाईवर रोवला, आणि एकेक काच पुढं धरून तीन करडे फोटो काढले. मग पुढच्या एका रविवारी ती माहेरी आली, स्टूल ओढून बसली, आणि आम्ही ते जुळवले. मांडव जुळला, भटजी जुळले, डोळे पुसणारी बायको जुळली, सगळे आपापल्या खऱ्या रंगात. आणि मधून मुलगी चाललेली, तीन जागी, एक लालसर, एक हिरवट, एक निळसर. तिच्यापुढे जावई, आणि त्याच्या डोक्यावर तीन रंगांचे तीन झगमगाट.

तिनं टाळी वाजवली. मीही वाजवली, रस्त्याकडे न बघता.

तो फोटो आता दुकानाच्या काचेत लावलेला आहे. अल्बमची पानं निवडायला आलेल्या आया त्याच्यापाशी थांबतात आणि विचारतात, "याचं प्रिंटिंग बिघडलंय का हो?"

मी म्हणतो, "नाही. पोरगी चालत होती." आणि त्यांच्या मुलीच्या फोटोकडे वळण्याआधी आता मी मुलीलाच विचारतो, "तुला कसा हवाय?"